जपानी शाळेत मूल घालताना

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एक निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. जपानमध्ये चौथीपर्यंत परीक्षा नसतात, शाळेत सफाईवाले नसतात, मुलांना आधी फक्त वागणूक शिकवतात. आम्ही टोकियोला निघालो तेव्हा चार नातेवाइकांनी तो मला पाठवला होता. पहिल्याच वर्षी जूनमध्ये मुलाने गणिताची रंगीत छापील चाचणी घरी आणली, वर लाल शाईत शंभरपैकी गुण. चाचण्या आहेत, पहिलीपासून आहेत. नाही ते नापास होणं आणि वर्गात नंबर लागणं. देखभाल-दुरुस्ती करणारा माणूसही शाळेत असतो, त्याला योमुइन म्हणतात. मुलं आपला वर्ग, जिना, व्हरांडा झाडतात-पुसतात, सगळी शाळा नव्हे.

हे आधी सांगते, कारण ऐकीव जपान डोक्यात घेऊन आलेल्या पालकाला खरी शाळा दिसायलाच वेळ लागतो. इथली शाळा बरंच काही शिकवते ते दिवसाच्या चाकोरीतून: बूट कुठे ठेवायचे, जेवण कोणी वाढायचं, आजची हजेरी कोणी सांगायची. पालकाचं कामही याच चाकोरीत बसतं. मुलगा पहिलीत गेला तेव्हा आम्हाला जपानी येत नव्हतं, आता तो पाचवीत आहे. या काळात जे उमगलं ते क्रमाने लिहिते.

कोणती शाळा, हे आधी ठरवा

टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा २००४ पासून आहेत. दोन वर्षांची बदली असेल आणि परत पुण्या-मुंबईच्याच शाळेत जायचं असेल, तर तिकडे जाणं सोपं. मुक्काम लांबणार असेल आणि मूल सात-आठ वर्षांच्या आतलं असेल, तर मी सरकारी प्राथमिक शाळाच, म्हणजे शोगाक्को, सुचवेन. सातवी-आठवीतल्या मुलाचं मात्र नीट विचार करून ठरवा. सहा वर्षं प्राथमिक आणि तीन वर्षं माध्यमिक इथवर कुणाला अडवत नाहीत, पण त्यानंतर हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते आणि ती जपानीतून असते. दोन वर्षांत तेवढं जपानी शिकून परीक्षेला बसणं पंधरा वर्षांच्या मुलाला फार जड जातं.

एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास, मराठी घरं बरीच आहेत. तिथल्या शाळांना भारतीय मुलं नवी नाहीत. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. आपला माणूस त्या खुर्चीवर बसू शकतो हे कळलं तेव्हा मला फार धीर आला होता.

वॉर्ड ऑफिसला स्वतःहून जा

जपानी मुलांना शिक्षण सक्तीचं आहे, म्हणून त्यांच्या घरी पत्र येतं. परदेशी मुलांना ती सक्ती नाही. तुम्ही विचारलं नाही तर मूल घरी बसलंय याची कुणी दखल घेईलच असं नाही. घराचा पत्ता चौदा दिवसांत नोंदवावा लागतो. त्याच दिवशी तिथल्या शिक्षण विभागाच्या खिडकीवर जाऊन सांगा की मुलाला सरकारी शाळेत घालायचं आहे. मुलाचं रहिवासी कार्ड, पासपोर्ट आणि लसीकरणाची नोंद जवळ ठेवा. फी नाही, पुस्तकंही फुकट.

बहुतेक ठिकाणी शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणून घर बघताना एजंटला आधी विचारा की हे घर कोणत्या शाळेच्या हद्दीत येतं, आणि त्या शाळेत जपानी न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे का. आम्ही स्टेशन जवळ हवं म्हणून घर घेतलं आणि असा वर्ग पलीकडच्या शाळेत निघाला.

इयत्ता वयावरून ठरते, दाखल्यावरून नव्हे. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. २ एप्रिल २०१९ ते १ एप्रिल २०२० या काळात जन्मलेली मुलं एप्रिल २०२६ मध्ये पहिलीत. त्यामुळे ऑक्टोबर २०१९ चं मूल महाराष्ट्रात पहिली जवळजवळ संपवून आलेलं असतं आणि इथे पुन्हा पहिलीत बसतं. याचं वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांबरोबर पहिल्या दिवसापासून हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरं, गिरवायला मिळणं हे भाग्य आहे. मधल्या इयत्तेत येणाऱ्या मुलासाठी भाषेमुळे एक वर्ष खालचा वर्ग मागता येतो, पण तो शाळेशी बोलून ठरतो.

पहिली भेट

शाळेत मुख्याध्यापक किंवा उपमुख्याध्यापक भेटतात. जपानी येणारं कुणीतरी बरोबर न्या. वॉर्डाकडे दुभाषी मागता येतो का तेही विचारा. बोलायच्या गोष्टी कागदावर लिहून घेऊन जा.

जपानी भाषेची मदत कशी मिळेल? काही शाळांत मुलाला ठरावीक तास वर्गाबाहेर नेऊन वेगळं शिकवतात, काही ठिकाणी आठवड्यातून काही वेळा मदतनीस येतो. जेवणाचं काय? त्यावर पुढे सविस्तर लिहिते. आणि मुलीचे कान टोचलेले असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. इथे शाळेत कानातलं सहसा चालत नाही. बारशाच्या वेळी कान टोचायची आपली रीत आहे, कानातलं काढलं तर भोक बुजतं, हे शांतपणे समजावलं की शाळा मार्ग काढते. न सांगता पाठवलं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारणा होते ती मुलीला, आपल्याला नव्हे.

सामान

यादी लांब असते आणि प्रत्येक वस्तू विशिष्ट असते. पाठीवरचं कडक दप्तर म्हणजे रांदोसेरु. नवं घेतलं तर ५०-६० हजार येनही सहज लागतात. ते घ्यायलाच हवं असा नियम सहसा नसतो, पण पहिलीत बाकी सगळ्यांकडे असतं. सहा वर्षं वापरून झालेलं शेजारच्या घरातून मिळालं तर आनंदाने घ्या, ते टिकायलाच बनवलेलं असतं. शाळेत घालायचे वेगळे बूट म्हणजे उवाबाकी. ते शुक्रवारी घरी येतात आणि धुऊन सोमवारी परत जायला हवेत. एका बाजूने लाल आणि उलटली की पांढरी अशी व्यायामाची टोपी, भूकंपात डोक्यावर ओढायची जाड टोपी, जुन्या टॉवेलची शिवलेली फडकी, तोंडाने फुंकून वाजवायची पेटी.

आणि प्रत्येक वस्तूवर नाव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. गणिताच्या डब्यात मोजायच्या काड्या, चकत्या, छोटी कार्डं असतात, त्यांतल्या प्रत्येक तुकड्यावर नावाची चिकटपट्टी लागते. आम्ही दोघं एका रविवारी दुपारभर बसलो होतो. नाव हिरागानात लिहा, कारण पहिलीतल्या मुलांना तेवढंच वाचता येतं आणि जमिनीवर पडलेली काडी तीच एकमेकांना परत करतात.

जेवण

शाळेतलं जेवण, क्यूशोकु, हा इथे अभ्यासाचाच भाग मानला जातो. त्याची सुरुवात १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी, गरीब मुलांना भात देण्यापासून झाली असं सांगतात. १९५४ मध्ये त्याचा कायदा झाला. पाळीतली मुलं पांढरा डगला, टोपी, मास्क चढवून भांडी वर्गात आणतात आणि वाढतात. शिक्षक त्याच वर्गात तेच जेवतात. सगळ्यांची पानं मांडून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आपली पंगत पाहिलेल्या मुलाला हे पटकन कळतं. पाळीच्या आठवड्यानंतर डगला घरी येतो. तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी पाठवायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याच मुलाच्या अंगावर असतो.

शाकाहारी घरांसाठी अडचण खरी आहे. भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क, दाशी, असतो. करीमध्ये डुकराचं मांस असतं. ‘आम्ही शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही, कारण मांसाचे तुकडे बाजूला काढले की झालं असा समज होऊ शकतो. म्हणून काय चालत नाही त्याची यादीच द्या: मांस, मासे, माशाचा अर्क, अंडं चालत नसेल तर अंडं, जिलेटिन. कारण धार्मिक असेल तर तसंच सांगा. त्याला ॲलर्जी म्हणू नका, त्यासाठी डॉक्टरांचा कागद लागतो आणि आपत्कालीन तयारीही निराळी असते.

मग दर महिन्याचा जेवणाचा तक्ता येतो, त्यात पदार्थांचे घटकही दिलेले असतात. लाल पेन घेऊन बसा. चालणाऱ्या पदार्थांवर खूण करा, बाकीच्या दिवशी घरून डबा. बऱ्याच शाळा याला तयार होतात. भात आणि दूध बहुतेक दिवशी चालतं. करीच्या दिवशी मी आपलं घट्ट वरण किंवा उसळ देत असे, म्हणजे शेजारच्या ताटासारखंच दिसतं आणि मुलाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. टोकियोच्या २३ वॉर्डांत सरकारी शाळेचं जेवण आता मोफत आहे. इतरत्र असाल तर वॉर्ड किंवा शहर कचेरीत विचारा. दुसरा कुठलाही खाऊ आणि पैसे शाळेत न्यायचे नसतात, वाढदिवसाची चॉकलेटंसुद्धा नाहीत.

दिवस कसा जातो

सकाळी सव्वाआठच्या सुमारास शाळा. मूल चालत जातं, काही भागांत गल्लीतली मुलं मिळून रांगेने जातात. पहिलीतल्यांच्या टोपीला आणि दप्तराच्या आच्छादनाला पिवळा रंग असतो, गाडीवाल्यांना दुरून कळावं म्हणून. शाळा सुरू होण्याआधीच्या सुट्टीत तोच रस्ता मुलाबरोबर पाच-सहा वेळा चाला. वाटेत ‘मुलांचं ११० नंबरचं घर’ (११० हा इथला पोलिसांचा नंबर) अशी पाटी लावलेली घरं-दुकानं दाखवा. भीती वाटली तर तिथे शिरायचं असतं.

आल्यावर सकाळची सभा. त्या दिवशीच्या पाळीची दोन मुलं उभी राहून हजेरी आणि दिवसाचा बेत सांगतात. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला ‘उभे राहा, नमस्कार, बसा’ हेही तीच म्हणतात, शिक्षक नव्हे. लाजरं मूलही महिन्या-दोन महिन्यांत एकदा सगळ्यांसमोर उभं राहतंच. माझ्या मुलाचं पहिलं पूर्ण जपानी वाक्य असंच पाळीच्या दिवशी फुटलं.

तास पंचेचाळीस मिनिटांचा. जेवणानंतर किंवा शाळा सुटताना पंधरा-वीस मिनिटं सफाई. पहिलीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मुलं फार लवकर सुटतात. दोघंही नोकरी करत असाल तर शाळेनंतरच्या पाळणाघरासाठी, त्याला गाकुदो म्हणतात, आदल्या वर्षाच्या अखेरीसच अर्ज करावा लागतो.

वर्गात शिकवतात कसं

वर्षातून दोन-तीनदा पालकांना तास बघायला बोलावतात. काहीही करून जा. भाषा कळली नाही तरी फळा कळतो.

चौथीत मी पाहिलेला तास सांगते. फळ्यावर इंग्रजी एलसारखी एक आकृती, खाली प्रश्न: हिचं क्षेत्रफळ कसं काढाल? पंचेचाळीस मिनिटांत एवढं एकच गणित. आधी प्रत्येकाने वहीत स्वतः झटायचं. शिक्षिका बाकांमधून फिरत वह्या बघत होत्या, पण काही सांगत नव्हत्या. मग निवडक मुलांनी आपली रीत फळ्यावर मांडली. एकाने आकृती आडवी कापली, एकीने उभी, एकाने मोठा आयत पुरा करून रिकामा कोपरा वजा केला. शिक्षिकेने विचारलं, या तिन्हींत सारखं काय आहे? बरीच चर्चा झाली आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं: सगळ्यांनी आयतच केलेत. या चर्चेच्या टप्प्याला नेरिआगे म्हणतात, शब्द कणीक मळण्याच्या क्रियापदावरून आलेला. तास संपला तेव्हा फळ्यावरचं काहीच पुसलेलं नव्हतं. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या रीती, उजवीकडे वर्गाने मिळून काढलेला निष्कर्ष. मुलं तो फळा जसाच्या तसा वहीत उतरवतात, म्हणून घरी वही उघडली की अख्खा तास दिसतो. आपल्याला एकेका तासात दहा गणितं सोडवायची सवय असते, त्यामुळे हे संथ वाटतं. पण मूल ‘मला असं वाटतं, कारण...’ असं बोलायला शिकतं ते इथेच.

शिक्षकही असेच शिकतात. एक जण तास घेतो, बाकीचे मागे उभे राहून पाहतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. अशा दिवशी इतर वर्ग लवकर सोडतात. सूचनेत ‘केंक्यू जुग्यो’ दिसलं की त्या दिवशी घराची किल्ली कुणाकडे राहील ते बघून ठेवा.

पहिलीत ९ + ४ शिकवताना चारच्या खाली दोन देठ काढून १ आणि ३ अशा चेऱ्या काढतात. नऊला एक दिला की दहा, वर तीन. जपानीत तेरा म्हणजे ‘दहा-तीन’च असल्याने उत्तर ओठांवर येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इथे तशीच संख्यानामं रोज ऐकताना त्यामागचा विचार मला नव्याने कळला.

दुसरीत पाढे, म्हणजे कुकु. नऊपर्यंतच, पण सुलटे, उलटे आणि मधूनच कुठलाही असे शिक्षकांसमोर म्हणून दाखवायचे. ‘नि निन गा शि’ म्हणजे बे दुणे चार, ‘सान शि जूनि’ म्हणजे तीन चोक बारा. ठेका आपल्यासारखाच आहे, त्यामुळे घरी दोन्ही भाषांत म्हणून घ्यायला मजा येते. एक खबरदारी: पाच ताटल्यांत प्रत्येकी तीन सफरचंदं, तर इथे ३ × ५ लिहितात, आधी एका ताटलीतली संख्या. ५ × ३ लिहिलं तर उत्तर बरोबर असूनही काही शिक्षक चूक देतात. तपासलेल्या वहीत ✓ म्हणजे चूक आणि गोल म्हणजे बरोबर, हेही पहिल्याच आठवड्यात घरात सगळ्यांना सांगा. आमच्या आजीने व्हिडिओ कॉलवर ✓ बघून नातवाचं कौतुक केलं आणि तो रडायला लागला. फुलासारखा पाकळ्यांचा गोल आला तर खरं कौतुक करा, त्याला हानामारु म्हणतात.

कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं, हा मोठा डोंगर. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, सहावीपर्यंत एकूण १,०२६. चौथीत नव्याने आलेल्या मुलावर पहिल्याच दिवशी ४४० चिन्हांची बाकी असते. ती वर्गाच्या वेगाने फेडायचा हट्ट धरू नका. पहिलीच्या चिन्हांपासून रोज दोन-तीन, रेघांच्या क्रमासकट. क्रम चुकला तर अक्षर बरोबर दिसलं तरी चालत नाही.

संध्याकाळी तुमचा अर्धा तास

रोजचा गृहपाठ म्हणजे मोठ्याने वाचन, ओंदोकु. मूल धडा वाचतं, तुम्ही ऐकून कार्डावर सही करायची. एक शब्द कळला नाही तरी ऐका. पुस्तक हातात धरून बोटाने ओळ दाखवत ऐकलं की वर्षभरात तुम्हालाही हिरागाना येतो, मला तसाच आला. बाकी सगळं घरात मराठीतच बोला. गोष्टी सांगा, भांडणं ऐकून घ्या. मुलासमोर आपलं मोडकं जपानी बोलल्याने त्याचं जपानी सुधारत नाही आणि मराठी मात्र जातं.

दुसरं काम कागदांचं. दप्तरातल्या पाकिटात रोज सूचना येतात. मोबाईलने फोटो काढून भाषांतर करा आणि तीनच गोष्टी शोधा: तारीख, न्यायची वस्तू, परत द्यायचा कागद. ‘उद्या दुधाचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा आणा’ असं एका ओळीत कुठेतरी दडलेलं असतं. शिक्षण मंत्रालयाच्या ‘कासुता-नेत्तो’ या संकेतस्थळावर शाळांच्या नेहमीच्या पत्रांचे अनेक भाषांतले नमुने आहेत, ते शिक्षकांनाही दाखवा. निरोपाच्या वहीत काही लिहायचं तर छोटी, साधी वाक्यं लिहा. मूल येणार नसेल तर शाळा सुरू व्हायच्या आत कळवा, दिवाळीची रजासुद्धा.

भूकंपाची तालीम

ओ-का-शि-मो ही चार अक्षरं घरीही पाठ करून घ्या: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. वर्षातून एकदा मुलं पालकांच्या ताब्यात द्यायची तालीम असते, अनेक शाळांत १ सप्टेंबरच्या आसपास, कारण १९२३ चा मोठा भूकंप त्या तारखेचा. अर्जात ज्यांची नावं दिली असतील त्यांच्याच हाती मूल सोपवतात. तुमच्या दोघांशिवाय शेजारच्या एका विश्वासू माणसाचं नाव त्यांना विचारून द्या. गाड्या बंद पडल्या तर ऑफिसातून चालत घरी यायला रात्र होते.

मूल शाळेत जायला नको म्हणालं तर

इथे सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्यांसारखं वागण्याचं दडपण मुलांवर खरोखर असतं. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ३,४६,४८२ मुलं वर्षभरात ३० किंवा त्याहून जास्त दिवस शाळेपासून दूर राहिली. ती सगळी जपानीच बोलणारी मुलं होती असं धरलं तरी भाषा न येणाऱ्या मुलाचा एकटेपणा आणखी मोठा असणार. पोटात दुखतंय ही सकाळची तक्रार दोन-तीन वेळा आली की थांबू नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा. बहुतेक शाळांत ठरावीक दिवशी समुपदेशक येतात, त्यांची वेळ मागा. शाळेच्या दवाखान्याची खोली, होकेनशित्सु, हाही आसरा असतो. काही दिवस मूल तिथे बसलं तरी ते शाळेतच आहे.

जुलैमध्ये कुंडी

पहिलीत प्रत्येक मूल निळ्या-जांभळ्या फुलांचा एक वेल लावतं, आसागाओ. आपल्या कुंपणावरच्या गारवेलीच्या कुळातला. रोज सकाळी प्लास्टिकच्या बाटलीने पाणी घालायचं, पानं मोजायची, वहीत चित्र काढायचं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुट्टी लागते तेव्हा ती कुंडी काठ्यांसकट घरी न्यायची असते. दप्तर आणि बाकी सामान पाठीवर असताना मुलाला ती पेलत नाही, म्हणून सूचनेत तारीख बघून एक मोठी मजबूत पिशवी घेऊन तुम्हीच जा. सुट्टीत भारतात जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे ठेवा. फुलं गळून बोंडं वाळली की बिया काढून कागदाच्या पुडीत जपून ठेवायच्या. पुष्कळ शाळांत त्यांतल्या थोड्या पुढच्या एप्रिलमध्ये नव्या पहिलीला द्यायच्या असतात.